मी न पाठवलेली लग्नपत्रिका

त्या गुरुवारपासून कुणी माझं अभिनंदन केलं की मी दचकते. कारण साधं असतं, वाढदिवस नाहीतर परीक्षेचा निकाल. समोरचा हसतो, हात पुढे करतो आणि मला धावत सुटावंसं वाटतं.

मी पत्रकं लिहिते आणि वाटते. आमची एक छोटी संघटना आहे, ग्राहकांच्या फसवणुकीवर काम करते. संघटना म्हणजे एक टेबल, दोन खुर्च्या आणि उधारीवर झेरॉक्स काढून देणारा एक दुकानदार. पत्रक कसं लिहायचं ते मी तिथेच शिकले. वाक्य छोटं हवं. क्रियापद आज्ञार्थी हवं. वीज आज कापणार असा मेसेज आला तर त्यातल्या नंबरावर फोन करू नका. पोलीस फोनवरून अटक करत नाहीत. बक्षीस लागलं असं सांगणारा तुमच्याकडे पैसे मागत असेल तर ते बक्षीस नाही. असं लिहून लिहून माझं बोलणंही तसंच झालं. अम्मा म्हणते, हिला जेवायला वाढ म्हटलं तरी ही चौकात उभी असल्यासारखी बोलते.

आमची गल्ली सोलापूरच्या पूर्व भागातली. निम्म्या घरांत तेलुगू, निम्म्यांत मराठी, आणि भांडणात दोन्ही. बहुतेक घरांत बायका विड्या वळतात. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, कापून ठेवलेली पानं, आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत दोन्ही हात चालू. मी त्यांना पहिलं पत्रक दिलं तेव्हा त्यांनी ते तंबाखू झाकायला वापरलं. त्यांचं चुकलं नव्हतं. हात रिकामे नसलेल्या बाईच्या हातात कागद देणारी मी मूर्ख.

मग मी पत्रक आवाजात करायला लागले. गल्लीतल्या बायकांचा ग्रुप केला आणि दर गुरुवारी दुपारी दोन मिनिटांचं बोलणं पाठवायचे, आधी मराठीत, मग तेलुगूत. हे जमलं. फोन डब्याला टेकवून उभा ठेवायचा, माझ्या नंबरावरून काही आलं की तंबाखूचं बोट लागू नये म्हणून बोटाच्या मागच्या पेरानं टक्कन दाबायचं आणि विडीवरची नजर न काढता ऐकायचं. काही जणींच्या फोनमध्ये आवाज येईना, फोन मधेच कसली कसली परवानगी मागायचा. तेव्हा मी सांगितलं, "काय विचारलं तरी ओके दाबायचं, अलाऊ दाबायचं, मग आवाज येतो."

हे वाक्य माझं आहे. माझ्या आवाजात आहे.

आता अक्काबद्दल सांगते. अक्का माझी बहीण नाही, तिला सगळी गल्लीच अक्का म्हणते. चढाच्या टोकाचं शेवटचं घर तिचं. नवरा नाही, एक मुलगी. तीस वर्षं विड्या वळून अक्काच्या उजव्या अंगठ्याचं नख वाकडं झालंय. मुलगी बारावी झाली आणि तिला नर्सिंगला जागा मिळाली. फी शनिवारपर्यंत भरायची होती. त्यासाठी अक्कानं विडी कारखान्यातल्या फंडातून उचल घेतली आणि त्या सोमवारी ती खात्यावर जमा झाली. शनिवार चुकला तर जागा दुसऱ्या पोरीला. हे गल्लीत फक्त मला ठाऊक होतं. खात्यात पैसे आले की चारचौघींत सांगायचं नाही असं मीच शिकवलेलं. अक्कानं ते इतकं मनावर घेतलं की सख्ख्या बहिणीलाही सांगितलं नाही. मला मात्र सांगितलं. "तू हैस म्हणून मला भ्या न्हाय," म्हणाली.

गुरुवारी दुपारी मी जेवत होते. फोन वाजला. मामाच्या नंबरावरून मेसेज, वर गणपतीचं चित्र, सहकुटुंब सहपरिवार अगत्य यावे, आणि खाली लग्नपत्रिकेची फाइल. मामाच्या मुलीचं लग्न ठरल्यात जमा होतं. त्याच्या थोरल्याच्या लग्नाला आम्ही उशिरा पोचलो होतो, तर मामा वर्षभर आमच्याशी बोलला नव्हता. त्यामुळे अम्मा लगेच माझ्या खांद्यावरून वाकली.

"उघड की. तारीख बघ आधी."

फाइलच्या नावाच्या शेवटी तीन अक्षरं होती. एपीके. माझ्याच पत्रकात, वरून तिसऱ्या ओळीत, ठळक अक्षरांत लिहिलंय की ही तीन अक्षरं दिसली तर हात लावू नका, ती पत्रिका नसते, फोनमध्ये घुसणारं अॅप असतं. मला ती दिसली नाहीत असं मी पोलिसांना सांगितलं. ते खोटं आहे. मला ती दिसली. पण नंबर मामाचा होता, अम्मा मानेवर श्वास टाकत उभी होती, आणि चोरापेक्षा मला मामाच्या रुसव्याची भीती जास्त होती. मी दाबलं. फोननं परवानगी मागितली, दिली. आणखी एक मागितली, तीही दिली. मग पडदा पांढरा झाला आणि काहीच आलं नाही.

"काय गं, तारीख?"

"उघडत नाहीये. मामालाच विचारते."

मामा वैतागलेलाच होता. "कसली पत्रिका? अजून मजकूर लिहून झाला न्हाय. सकाळपासून तिसरा फोन हाय हा. माझा फोन काय तरी करायलाय बघ, आपआपच मेसेज जायलेत."

माझ्या हातातला घास तसाच राहिला. मी फोन बघितला. बायकांच्या ग्रुपवर एक नवीन मेसेज होता. गणपती, सहकुटुंब सहपरिवार, लग्नपत्रिका. पाठवणारी मी.

पंचविशी उलटलेली, लग्न करणार नाही म्हणून गल्लीभर सांगत फिरलेली, गुरुवारी दुपारी न चुकता आवाज पाठवणारी मी. त्या चोरानं मला ओळखून हे केलं असतं तरी इतकं नेमकं जमलं नसतं. गल्लीतली कुठली बाई ती पत्रिका उघडल्याशिवाय राहणार होती? खाली दोन उत्तरं आलीही होती. एकीनं हार पाठवला होता. दुसरीनं लिहिलं होतं, अखेर सुटलो.

मी मेसेज सगळ्यांकडून पुसला. तो माझ्या डोळ्यांसमोर पुन्हा गेला. पुन्हा पुसला, पुन्हा गेला. हातात आपलाच फोन आणि तो दुसरंच कुणीतरी चालवतंय, हे ज्यानं बघितलं नाही त्याला ती भीती मला सांगता येणार नाही. घरात कुणी शिरलंय, आणि आपल्याच आवाजात शेजारणींना हाका मारतंय. मी फोन बंद केला. बंद केल्यावर कळलं की आता कुणाला कळवायचं तर माझ्याकडे काहीच नाही. अम्माच्या फोनवरून फोन लावायला लागले. एक नाही, दोन नाही, कुणीच उचलेना.

"पाणी आलंय," अम्मा म्हणाली. "कोण उचलतंय."

आमच्याकडे पाणी चार-पाच दिवसांनी येतं. आलं की सगळी गल्ली नळावर. मी चप्पल न घालता धावले. उन्हानं रस्ता तापला होता, पण ते मला घरी आल्यावर, तळपाय बघितल्यावर कळलं.

पहिल्याच नळावर चौघी-पाचजणी होत्या. मला बघून एकीनं घागर खाली ठेवली.

"आली बघा नवरी. पळत कुटं निघालीस गं, मांडवात?"

"फोन उघडू नका. माझ्या नंबरावरून आलेलं काहीच उघडू नका."

"का? नवरा बघण्यासारखा न्हाय का?"

सगळ्या हसल्या. मी ओरडले, "मावशी, ते चोराचं आहे."

"आत्तापासनंच सासरच्याला चोर म्हणायलीस?" आणखी हसल्या. एकीनं ओल्या हातानं माझी हनुवटी धरली. "अभिनंदन बाई. लई बरं वाटलं."

पत्रक लिहिताना मला वाटायचं, लोकांना माहिती नसते म्हणून ते फसतात. तिथं उभी राहून मी माहिती ओरडून सांगत होते आणि आनंदानं भरलेल्या त्या बायकांच्या कानात एक शब्द शिरत नव्हता. शेवटी मला रडू फुटलं. मी चौकात कधी रडलेली नाही. रडताना बघितलं तेव्हा त्यांचं हसू थांबलं, आणि हार पाठवणारी म्हणाली, "मी उघडलं न्हाय अजून. वरचं चित्र बघून हार टाकला. म्हटलं पाणी भरून निवांत बघू." दुसरी म्हणाली, तिचा फोन चार्जिंगला आहे. तिसरीचा पोराकडे, पोरगा शाळेत. पाण्यानं त्यांना वाचवलं होतं. माझ्या दोन वर्षांच्या गुरुवारांनी नाही.

एकजण पुढच्या नळांवर सांगायला धावली. मी चेहरे मोजले आणि माझ्या लक्षात आलं, यात अक्का नाही.

अक्काचं घर चढावर. पाणी तिथे सगळ्यांच्या नंतर, तासाभरानं चढतं. म्हणजे खाली नळावर गर्दी असते तेव्हा अक्का घरात विड्या वळत बसलेली असते. फोन डब्याला टेकवलेला असतो. आणि गुरुवारी दुपारी ती माझ्या आवाजाची वाट बघत असते.

तो चढ मी रोज चढते. त्या दिवशी तो संपेना. दारात पोचले तेव्हा अक्का सूप मांडीवर घेऊन बसली होती आणि माझ्याकडे बघून तोंडभर हसली.

"ये, ये. पेळ्ळी ठरलं आणि आमाला फोनवर सांगायलीस व्हय? लग्नाचं असं फोनवर सांगत्यात का?"

"अक्का, उघडलंस?"

"उघडलं की. काय दिसलंच न्हाय त्यात. विचारायलं काय काय, मी समदं ओके केलं. तूच म्हणतीस की."

"कधी?"

तिनं सुपाकडे बघितलं. तिच्याकडे घड्याळ तेच. "पंचवीस-तीस विड्या झाल्या असतील."

पंचवीस विड्या म्हणजे पाव तास. मी फोन उचलला तेवढ्यात तो हातात थरथरला. बँकेचा मेसेज. त्यात सहा आकडे, आणि हे कुणालाही सांगू नका अशी ताकीद. मी वाचत होते तोवर मेसेज नाहीसा झाला. मी बोट लावलं नव्हतं. पलीकडच्या कुणीतरी वाचून पुसला होता. कुठल्या गावात, कुठल्या खोलीत बसून, देव जाणे. त्या क्षणी अक्काच्या घरात आम्ही दोघी नव्हतो, तिघं होतो.

फोन बंद व्हायला वेळ लावत होता. मी अक्काच्या बांगडीला अडकवलेली सेफ्टी पिन ओढली आणि सिम बाहेर काढलं. ते तिच्या मांडीवरच्या सुपात पडलं, तंबाखूत. अक्काचं हसू तोवर गेलं होतं. मी काय म्हणतेय ते तिला कळलं नव्हतं, पण माझे हात कसे हलतायत ते तिला दिसत होतं.

"सोमवारचे?" तिनं विचारलं. एवढंच.

"पासबुक घे. बँक चारपर्यंत आहे."

ती उठली. मांडीवरचं सूप कलंडलं, तंबाखू फरशीवर पसरली. तिनं मागं वळून बघितलं नाही. तिच्या तीस वर्षांतली थोडीच वर्षं मी पाहिलीत, पण तंबाखूचा कण सांडला तरी ती टिपून घ्यायची.

चढ उतरून आमच्या दारातली स्कूटी काढली, ती मागे बसली. खांद्यावर तिचे हात, त्यांना ओल्या पानाचा वास. सिग्नलला थांबलो तेव्हा ती कानाशी म्हणाली, "पोरीला सांगायचं न्हाय." मी मान हलवली. पुढचा सगळा रस्ता मला वाटत राहिलं, तिनं मला शिव्या द्याव्यात.

बँकेत टोकन घ्यायला सांगितलं. मी टोकन न घेता थेट आतल्या टेबलाशी गेले आणि आवाज चढवला. तिथल्या मॅडम चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "आधी आवाज खाली. खातं कुणाचं आहे?"

"यांचं."

"मग त्यांना बोलू दे. काय हो, काय करायचंय?"

साहेबांसमोर अक्काची मराठी आटते. तिनं पिशवीतून पासबुक काढून टेबलावर ठेवलं. "खातं बंद करा."

"का?"

अक्कानं माझ्याकडे बघितलं, मग मॅडमकडे. "हिचं लगीन न्हाय म्हणून."

शेजारच्या टेबलावरचा माणूस हसला. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी पहिल्यांदाच मला बसायला सांगितलं, आणि मी सांगितलं ते मधे न थांबवता ऐकलं. मग त्या टाइप करायला लागल्या. पडद्यावरचं गोल चक्र फिरत राहिलं. "सर्व्हर हळू आहे," त्या म्हणाल्या. रोज हे वाक्य ऐकून मी चिडते. त्या दिवशी माझी चिडायची ताकद उरली नव्हती. अक्का उभीच होती, काळ्या पडलेल्या बोटांनी टेबलाची कड धरून. ती पडद्याकडे बघत नव्हती. मॅडमच्या चेहऱ्याकडे बघत होती, डॉक्टरकडे बघावं तशी.

"वीस मिनिटांपूर्वी कुणीतरी या खात्यावर नेट बँकिंग चालू करायला बसलं होतं," मॅडम म्हणाल्या. "एक ओटीपी वापरलाय. दुसरा मागितला, तो टाकलेला दिसत नाही. फोन बंद केलात का तुम्ही?"

"सिम काढलं."

"म्हणून. पैसे आहेत. मी खातं थांबवते. आता कुणालाच काढता येणार नाहीत, तुम्हालाही नाही. उद्या या, फीचा ड्राफ्ट इथूनच काढून देते."

अक्काला शब्द सगळे कळले नसावेत. पैसे आहेत, एवढं कळलं. ती खाली, जमिनीवर बसली. खुर्ची शेजारीच होती. मग तिच्यापुढे फॉर्म आला आणि तिनं तेलुगूत सही केली, दर अक्षराला थांबत.

शनिवारी फी भरली गेली. मुलगी आता नर्सिंगला जाते. तिला अजून हे ठाऊक नाही, आणि ती मराठी पुस्तकं वाचत नाही या भरवशावर मी लिहितेय.

माझ्या खात्यातले पैसे मात्र गेले. किती ते सांगत नाही, सांगायला लाज वाटावी इतके कमी होते. तक्रार द्यायला गेले तेव्हा तिथल्या हवालदारानं सगळं लिहून घेतलं आणि निघताना माझ्या हातात एक पत्रक दिलं, पुढच्या वेळी काळजी घ्या म्हणून. ते मीच लिहिलेलं होतं. तिसरी ओळ ठळक.

लोक मला विचारतात, तू तर शिकवतेस, तू कशी फसलीस? हा प्रश्न मीही विचारायचे, शिबिरात, माईकवर, फसलेल्या माणसाला. आता मला त्या प्रश्नाचा राग येतो. चोरी करणाऱ्याला कुणी काही विचारत नाही. सगळी चौकशी ज्याचे गेले त्याची. चोरानं अक्काला कधी पाहिलं नाही, तिचं नख, तिची मुलगी, शनिवार, त्याला काही ठाऊक नव्हतं. त्याला ठाऊक असायची गरज नव्हती. अक्काच्या घरात शिरायला दोन वर्षं लागतात आणि ती दोन वर्षं मी घातली होती. तो माझ्यामागून आत आला.

आणि भीती गेलेली नाही. माझ्या फोनमध्ये तीनशेच्या वर नंबर होते. मी वहीत यादी काढली, नवीन नंबर घेतला आणि एकेकाला फोन लावले. बहुतेकांना कळवलं. माढ्याकडची एक बाई राहिलीय. एसटी स्टँडवरच्या टेबलाशी एकदाच भेटली होती, पत्रक घडी करून कमरेला लावलं होतं. मी फोन करते, ती कट करते. अनोळखी नंबर उचलू नका, हे तिला मीच सांगितलंय.

गुरुवारचा आवाज बंद केला. आता मी दारोदार जाते. पहिल्या गुरुवारी अक्काकडे गेले तर ती पूर्वीसारखीच सूप घेऊन बसली होती. डब्याला टेकवलेला फोन नव्हता. मी कागद पुढे केला. तिनं घेतला नाही.

"तू वाच. मी तुझ्या तोंडाकडं बघून ऐकते."

मी वाचलं. नवीन पत्रकात मी एक ओळ घातलीय, माझ्या नंबरावरून आलं तरी उघडू नका. ती तिनं दोनदा वाचायला लावली. मग दोरा दातानं तोडत म्हणाली, "आणि तुझं खरंच ठरलं तर?"

"दारात येऊन सांगेन. अक्षता घेऊन."

"तसंच कर. फोनवर आलीस तर मी उघडणार न्हाय. कुणाचं का लगीन असंना."

तिचे हात विडीवरच होते, पण नजर माझ्या चेहऱ्यावर होती. समोर आलेली खरंच मीच आहे की नाही ते ती तपासत होती. मी हललेही नाही. तिला नीट बघू दिलं.